न गळणारी बादली

घर आवरून लहान जागेत राहायला निघालेल्या एका मावशींनी अंगणात सामान मांडलं होतं. एका बाजूला द्यायच्या वस्तू, एका बाजूला न्यायच्या, आणि मधे थोड्या अशा, ज्यांचं अजून ठरत नव्हतं. त्या मधल्या ढिगातून मी एक बादली उचलली. इनॅमलची, पांढरी, काठाला निळी रेघ, कडीला लाकडी मूठ. मूठ इतकी गुळगुळीत झालेली की लाकडाच्या रेषा नुसत्या दिसत होत्या, बोटांना लागत नव्हत्या. मावशींनी विचारलं, "काय करणार हिचं?" म्हटलं, "झाड लावीन." त्यांनी बादली माझ्या हातातून परत घेतली, उजेडाकडे धरून आत पाहिलं, मग उलटी करून बुडावर बोटांनी टकटक केलं. "गळत नाही हो ही. एक थेंब गळत नाही." वस्तू चांगली आहे, निर्धास्त न्या, अशा सुरात त्या सांगत होत्या. मी म्हणाले, "भोकं मी पाडून घेईन मावशी." त्यांचा हात कडीवरच थांबला. "धड आहे की. मग भोक कशाला पाडायचं?"

मी उत्तर दिलं. पाणी साचतं, मुळं कुजतात, झाड मरतं. सगळं खरं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि बादली दिली. रस्त्याला लागल्यावर मात्र जाणवलं की त्यांनी मला बागकाम विचारलंच नव्हतं, त्या बादलीबद्दल विचारत होत्या. जी वस्तू आयुष्यभर एकच काम चोख करत आली, तिचं तेच काम काढून घेतल्याशिवाय मी तिला दुसरं काम देऊ शकत नव्हते. पाणी धरून ठेवणं हा बादलीचा गुण, आणि कुंडीचा तो दोष. हे त्यांना त्या एका क्षणात दिसलं होतं आणि त्यावर माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं.

बादली घरी आली, आणि बरेच दिवस कोपऱ्यात तशीच राहिली.

लहानपणी आमच्या घरात झाडांकडे वस्तू सगळ्यांत शेवटी यायची. बादली गळायला लागली की आधी तिला डाग दिला जायचा. पुन्हा गळली की तिच्यात पाण्याऐवजी कोरडं काहीतरी जायचं, दोऱ्या, चिंध्या, वाकडे खिळे. काठ गंजून हाताला लागायला लागला की मग कुठे ती मागच्या दारी जायची आणि आई तिच्यात माती भरायची. तिला भोक पाडायचा प्रश्नच नसे, भोकामुळेच ती तिथवर आलेली असे. पत्र्याच्या डब्यांना मात्र पाडावं लागे. आई डबा लाकडाच्या ठोकळ्यावर बसवायची, आत हात घालून मोठा खिळा उभा धरायची आणि हातोडी माझ्याकडे द्यायची. "आतून बाहेर ठोक. बाहेरून ठोकलंस तर पत्र्याची धार आत वळते आणि तेवढं पाणी अडून राहतं." तिच्या बोटांपासून खिळ्याचं डोकं जेमतेम इंचभर वर असायचं, आणि तरी ती माझ्या हातात हातोडी द्यायची, याचं मला आज जास्त नवल वाटतं. डबा उलटा केला की बुडावर चार-पाच तीक्ष्ण पाकळ्या उमललेल्या असत. त्यांच्यावर ती दगडाने दोन हलके ठोके मारून त्या चेपायची, म्हणजे डबा उचलताना कुणाचा हात कापायला नको.

आता हा क्रम उलटा झाला आहे. टवके उडालेलं इनॅमल, रंग विटलेला ड्रॉवर, तोटी वाकलेली किटली या गोष्टी लोक शोधून शोधून आणतात, त्यांत फुलझाडं लावतात आणि त्या खरोखर सुंदर दिसतात. मला त्याचा राग नाही. माळ्यावर अंधारात पडून राहण्यापेक्षा उन्हात, ओल्या मातीसकट असणं कुठल्याही भांड्याला शोभतं. फरक इतकाच, की तेव्हा वस्तू दमून झाडांपाशी यायची, आणि आता ती दमायच्या आधीच आपण तिला तिथे नेतो. मावशींचा प्रश्न नेमका या दोन गोष्टींच्या मधे उभा आहे. गळक्या बादलीपाशी तो कुणी विचारला नसता.

निचऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. भोक लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण भोक पाडलं की सगळं पाणी निघून जातं असं वाटतं, ते तसं नाही. भोक कितीही मोठं पाडा, तळाशी मातीचा एक थर ओलागच्च राहतोच. मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात, आणि त्यांची ओढ आणि पाण्याचं वजन जिथे बरोबरीला येतं तिथे टपकणं थांबतं. त्या ओल्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. भांडी घासायचा जाड स्पंज पुरता भिजवून हातावर आडवा धरून पाहा. पाणी टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. म्हणून एकच माती उंच बादलीत भरली आणि पसरट ट्रेमधे भरली, तर ट्रेमधल्या झाडाची मुळं जास्त वेळ ओल्यात राहतात. उथळ भांडं लवकर सुकेल असं आपल्याला वरवर पाहून वाटतं, आणि ते सुकतंही, पण त्याआधी ते तळापासून वरपर्यंत चिंब असतं. उथळ भांड्यातलं झाड या दोन टोकांमधे हेलकावत राहतं.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडी घालायची पद्धत याच निचऱ्यासाठी आली. ती पद्धत मला आवडते, रिकाम्या भांड्यात खापऱ्या पडतानाचा खडखडाट कामाला लागल्याची वर्दी देतो. पण खडीने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे जो ओला थर एरवी तळाला असता, तो खडीच्या उंचीइतका वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा किंवा एक खापरी, एवढं पुरे. बाकी सगळी जागा मातीची.

यामुळेच चहाच्या कपात, लहान मुलाच्या बुटात, दिव्याच्या काचेत लावलेली रोपं मला फार वेळ बघवत नाहीत. फोटोत ती छान दिसतात. नंतर मूठभर मातीत मुळं फिरून फिरून स्वतःभोवतीच गुंडाळली जातात, दुपारी पानं लोंबतात, संध्याकाळी पाणी घातलं की कप तुडुंब भरतो. प्राचीन अथेन्समधे ग्रीक पुराणकथेतल्या अॅडोनिसच्या उत्सवात बायका फुटक्या मडक्यांमधे लेट्यूस आणि बडीशेप पेरत आणि ती मडकी घराच्या छपरावर नेऊन ठेवत. उन्हाच्या दिवसांत रोपं झटकन वर येत, आणि मुळांना खोली नसल्यामुळे तितक्याच झटकन माना टाकत. शेवटी ती पाण्यात सोडली जात. अकाली गेलेल्या तरुण अॅडोनिससाठीचा तो शोक होता, रोपांनी वाळणं हाच त्याचा अर्थ होता. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, की ज्या बियांकडून खरंच पीक हवं आहे त्या कुणी शहाणा शेतकरी अशा बागेत पेरेल का? फुटक्या भांड्यातल्या त्या बागा दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या आहेत, आणि प्रश्न अजून ताजा आहे. ज्यांना शोक करायचा होता त्यांनी तो समजून उमजून केला. ज्याला झाड जगवायचं आहे त्याने भांडं मुळांच्या मापाने निवडावं, मग ते कितीही कमी देखणं असेना. कपाचा फार मोह असेल तर त्यात दगडफुलासारखं काही किंवा नुसतं शेवाळ ठेवावं, त्यांना खोली लागत नाही.

जुनी वस्तू कोरी येत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तिच्यावर काय काय लावलं गेलं, तिच्यात काय ठेवलं गेलं, हे तिच्या अंगात असतं. जुन्या रंगाचे पोपडे सुटत असतील तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. घरगुती रंगांमधल्या शिशावर अमेरिकेतसुद्धा १९७८ साली बंदी आली, म्हणजे त्याआधीच्या खिडक्या, खुर्च्या, ड्रॉवर सगळेच संशयित. असं काही कोरडं घासत बसू नये, कारण ती धूळच सगळ्यांत वाईट. हिरवट झाक असलेलं, कीड लागू नये म्हणून औषध पाजलेलं जुनं लाकूड असतं, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं. घरगुती कामासाठी तसं लाकूड बनवणं अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस सोडलं, पण जुनं लाकूड अजून फिरत असतं. जुन्या लाल-पिवळ्या इनॅमलमधे कॅडमियम असायचं. रबराच्या टायरमधून जस्त आणि इतर बरंच काही मातीत उतरतं. म्हणून माझा नियम सरळ आहे. जे खायचं ते ज्याचा पूर्वेतिहास माहीत आहे अशाच भांड्यात. बाकी सगळ्यांत फुलं.

जस्ती पत्र्याची बादली किंवा टब मात्र उगाच बदनाम आहे. लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समधे सोरेल यांनी १८३७ साली घेतलं, तेव्हापासून या बादल्यांनी घरोघरी पाणी वाहिलं आहे. जस्त थोडं थोडं मातीत जातं, पण झाडालाही ते किंचित लागतं. माती आंबट असली तर ते जास्त विरघळतं, एरवी चिंता नसते. तांब्याची गोष्ट वेगळी. तांब्याच्या पृष्ठभागाला मुळाचं टोक टेकलं की त्याची वाढ तिथेच थांबते. रोपवाटिकांमधे याचा उपयोगही करतात, मुळं कडेकडेने गोल फिरू नयेत म्हणून कुंड्यांना आतून तांबंयुक्त रंग देतात. पण नुसत्या तांब्याच्या भांड्यात माती भरणं मला झाडाच्या दृष्टीने आणि भांड्याच्याही दृष्टीने पटत नाही. ते काळं पडतं, हिरवं पडतं, आणि इतक्या मोलाच्या धातूला भोक पाडायला माझा हात होत नाही. त्यात साधी कुंडी अलगद ठेवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी.

काही वस्तू आधीच भोकांच्या असतात. त्यांच्यापाशी मी निवांत असते.

धान्य धुवायची मोठी चाळण ही त्यातली पहिली. तिला काही करावं लागत नाही, आतून जुन्या सुती कापडाचा किंवा गोणपाटाचा तुकडा लावला की झालं. तिच्यात मुळांचं जे होतं ते बघण्यासारखं असतं. मूळ वाढत वाढत भोकापाशी येतं, बाहेरची कोरडी हवा त्याच्या टोकाला लागते, टोक सुकतं, आणि मग त्याच मुळाला मागून नवे फाटे फुटतात. बंद भिंतीच्या कुंडीत तेच मूळ भिंत लागली की वळून गोल गोल फिरत राहिलं असतं. रोपवाटिकावाले यासाठी खास भोकांच्या कुंड्या बनवून घेतात. कपडे धुवायच्या मशीनचा स्टीलचा ड्रम तर याहून सरस. गंजत नाही, सगळीकडून हवा, आणि खोली इतकी की लिंबासारखं झाडही त्यात सुखाने वाढेल. असा ड्रम कुणी टाकायला काढला की मला त्याच्या काठावर बसून राहावंसं वाटतं, कुणी दुसऱ्याने नेऊ नये म्हणून. चाळणीची आणि ड्रमची एकच अडचण, ती लवकर सुकतात. उन्हाळ्यात सकाळी पाणी घालावं आणि संध्याकाळी पुन्हा बोट घालून पाहावं.

आणि काहींना भोक नसलेलंच बरं. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोश झाकणाच्या बाटलीत ओलसर मातीवर ठेवला होता. त्यांना पतंग बाहेर येताना पाहायचा होता. पण त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी उगवली. दिवसा बाटलीत वाफ धरायची, काचेवर थेंब जमायचे, पुन्हा मातीत उतरायचे. बाहेर धुराने काळवंडलेल्या शहरात वॉर्ड यांचे नेचे मरत होते आणि बाटलीतला मजेत होता. जवळजवळ चार वर्षं त्याला कुणी पाणी घातलं नाही. मग वॉर्ड घरी नसताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि ती रोपं गेली. म्हणजे न गळणाऱ्या भांड्यात ती जगली, ते बंद होतं तोवर, आणि पाणी येण्याची वाट उघडली पण जाण्याची नव्हती तेव्हा मेली. पुढे याच शोधातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. १८३३ साली त्यांतून रोपं लंडनहून सिडनीला गेली आणि जिवंत पोहोचली. कपाटात लोणच्या-मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या पाहिल्या की मला तो कोश आठवतो. काचेला भोक पाडायच्या खटाटोपापेक्षा बरणीला तिचं झाकण परत द्यावं.

घरातल्या वस्तू बागेत जातात हे आपण पाहतो, पण एकदा बागेतली कुंडी घरात आली आहे, आणि ती कायमची. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याला मोठ्या झाडांसाठी न फुटणाऱ्या, न कुजणाऱ्या कुंड्या हव्या होत्या. त्याने लोखंडी जाळी वाकवून तिच्यावर सिमेंटचा लेप दिला. १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्या कुंड्या मांडल्या. आज ज्या स्लॅबखाली आपण झोपतो त्याच्या पूर्वजांपैकी एक ही कुंडी आहे. गच्चीवर बादल्या मांडताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

गच्चीवरून वजनाची गोष्ट. रिकामा टब दोघांनी हसत हसत वर नेता येतो आणि मग त्यात काय भरतो आहोत हे विसरायला होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ओली बागेची माती लिटरमागे दीड किलोच्या घरात जाते, कधी जास्तच. दीडशे लिटरचा अंघोळीचा टब मातीने भरून भिजवला तर सव्वादोनशे किलो होतात, आणि टब बिडाचा असेल तर त्याचं स्वतःचं वजन शंभराच्या वर असू शकतं. असं काही ठेवायचं तर जमिनीवर, नाहीतर बांधकाम कळणाऱ्या माणसाला विचारून. दुसरी गोष्ट उन्हाची. झिलई नसलेल्या भाजक्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, तेवढी ती थंड राहते. धातूच्या भांड्याला ती सोय नाही. काळ्या किंवा गडद रंगाच्या डब्यात दुपारी भिंतीलगतची माती चाळीस अंशांवर सहज जाते, आणि मुळांना तेवढं सोसत नाही. डब्याच्या ज्या बाजूला ऊन लागतं तिकडचीच मुळं आधी करपलेली सापडतात. म्हणून धातूची भांडी एकमेकांच्या सावलीत ठेवावीत, छोटी पुढे आणि मोठी मागे अशी नव्हे, तर मोठी उन्हाच्या बाजूला. आणि 'पुढे कधीतरी यात काहीतरी लावू' म्हणून बाहेर जमवून ठेवलेल्या रिकाम्या वस्तू उलट्या घालून ठेवाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काठ घासावा लागतो.

माझी बादली उलटीच ठेवलेली होती.

तिचं काय करायचं याचे पर्याय सगळे समोर होते. भोक न पाडता आत प्लास्टिकची कुंडी विटेवर बसवता आली असती. घरात ते उत्तम चालतं. पण उघड्यावर पहिल्या मोठ्या पावसात बादली भरली असती, कारण ती गळत नाही, आणि आतली कुंडी त्या पाण्यात बुडून राहिली असती. तिला पुन्हा पाण्याची बादली करता आलं असतं, पण पाण्याला घरात बादल्या आहेत, आणि जी वस्तू नुसती धड राखण्यासाठी ठेवली जाते ती हळूहळू अडगळीत सरकते हे मी फार घरांत पाहिलं आहे. मावशींकडेही ती मधल्या ढिगात होती, न्यायच्या ढिगात नव्हती. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आल्यावर हात मोकळा झाला.

आदल्या रात्री मी ती काठोकाठ भरून ठेवली. सकाळी पाण्याची पातळी जिथल्या तिथे होती, खालची फरशी कोरडी होती. ते पाणी झाडांना घातलं, बादली पुसली, उलटी केली. इनॅमल म्हणजे लोखंडावर आठशे अंशांच्या आसपास वितळवून बसवलेली काच. त्यामुळे तिथे खिळा-हातोडी कामाची नाही, एका ठोक्यात वितीएवढा टवका उडतो. बुडावर चिकटपट्टीची फुली मारली, पेन्सिलीने खुणा केल्या, काचेचं भोक पाडायचं टोक ड्रिलला लावलं, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. ड्रिल अगदी हळू चालवायचं, दाब द्यायचा नाही, मधे मधे पाण्याचे थेंब सोडायचे. आधी पांढरी पेस्ट निघाली, दातांवर शहारा आणणाऱ्या आवाजात. मग आवाज खाली उतरला, जाड झाला, आणि पांढऱ्या पेस्टमधे काळा, चमकता चुरा मिसळायला लागला. पाण्याचा थेंब पडला की चर्र होऊन तापल्या लोखंडाचा वास यायचा. मग एकदम ड्रिल पुढे गेलं. हाताला आधी कळलं, कानाला नंतर. बादली सरळ करून पाहिलं तर आतल्या बाजूला भोकाभोवती नखाएवढा टवका उडाला होता आणि खाली लोखंड दिसत होतं, निळसर काळं, अजून एकदाही गंज न पाहिलेलं. इतकी वर्षं पाणी आणि त्या लोखंडाच्या मधे काचेचा तेवढाच पातळ थर होता.

वाईट वाटलं. ते वाटायला हवं होतं असंही वाटलं. मग उरलेली भोकं पाडली, उघड्या लोखंडावर गंजरोधक रंगाचा हात दिला, वाळू दिला आणि सदाफुली लावली, जिला तळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. गंज लागेलच कधीतरी. त्याने झाडाला काही होत नाही, भोकं तेवढी मोठी होत जातील.

मावशींच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही. त्यांना हे सगळं सांगितलं तर त्या अजूनही म्हणतील, धड होती की. आणि त्यांचं खरंच असेल. पण आता एखादी वस्तू उचलताना मी आधी गळकी, फुटकी, तडा गेलेली शोधते, मग आधीच भोकाची, आणि धड वस्तूकडे सगळ्यांत शेवटी वळते. आईचा क्रम होता जवळपास तोच. तिला तो परिस्थितीने शिकवला होता, मला मावशींनी.

कुंड्यांनाही शेवट असतो, याचा विचार मात्र मी हल्लीच करायला लागले आहे. लाकडी ड्रॉवरचं बुड गेल्या पावसात सुटलं. प्लायवूड पाणी पिऊन फुगलं, पापुद्रे निघाले, आणि एक दिवस ड्रॉवर उचलला तर चिनी गुलाबाचा अख्खा गड्डा मातीसकट विटांवरच राहिला. ड्रॉवरच्या चारही बाजू अजून शाबूत आहेत, कोपऱ्यातल्या खाचा तर बनवणाऱ्याच्या हातून निघाल्या तशा घट्ट. बुडाला आता जाड जाळी ठोकून पाहायचं आहे, विटांवर उंच ठेवायचं म्हणजे खालून हवा लागेल. तोवर गड्डा गोणपाटात बांधून सावलीत ठेवला आहे. ओळखीत एकांकडे मशीनचा ड्रम निघणार आहे, पण तो चिनी गुलाबाला नको, एवढ्या खोलीचं त्या उथळ मुळांना काय काम? त्यात लिंबू जाईल. चिनी गुलाबाला चाळण पुरेल, जाळी जमली नाही तर.